गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांना, एका जुन्या पोस्टमास्तरचं पत्र

मुंबई, ठाणे, डोंबिवली, विरार, पनवेल, पुणे आणि आता त्याच्याही पलीकडे पांगलेल्या माझ्या गाववाल्यांनो,

श्रावण लागला की गावात दोनच विषय असतात. लावणी झालेल्या मळ्यात पाणी किती ठरलंय, आणि कोणाच्या झिलाचं गणपतीचं तिकीट कन्फर्म झालं. पूर्वी गाडीचं आरक्षण चार महिने आधी उघडायचं, नोव्हेंबर २०२४ पासून ते साठ दिवसांवर आलं. वेटिंग मात्र पहिल्या मिनिटालाच लागतं, तेव्हाही आणि आताही. सकाळी आठच्या ठोक्याला तीन तीन मोबाइल घेऊन तुम्ही ज्या चिकाटीने बसता, तिच्यातली अर्धी चिकाटी मागायला हे पत्र लिहितोय.

मला ओळखत नसाल त्यांच्यासाठी सांगतो. सिंधुदुर्गातल्या एका खाडीकाठच्या गावात मी शाखा डाकपाल होतो, १९८० पासून २०२१ पर्यंत. गाव मला मास्तर म्हणतं. तुमच्यापैकी कित्येकांच्या पाटी-पेन्सिलीचे पैसे माझ्या हातून गेलेत. लालबाग, परळ, गिरगावातून मनीऑर्डर यायची, आणि तिच्या खालच्या चिठोऱ्यावर चार ओळी असायच्या. त्या ओळी वाचून दाखवणं हे खात्याने मला कधी सांगितलं नव्हतं, पण पैसे मोजून दिल्यावर आजी उठायची नाही. "आनी काय लिवल्यान?" असं विचारायची. मग मी वाचायचो. कधी कधी लिहिलेलं नसायचं तेही वाचायचो. १९८२च्या जानेवारीत गिरणीचा संप सुरू झाला आणि काही महिन्यांत माझी पिशवी हलकी झाली. त्या पावसाळ्यात दारातून पुढे जाताना मला लाज वाटायची, जणू पैसे मीच अडवून ठेवलेत.

आता पैसे दारावर येत नाहीत. सरकारकडून यायचे असले तर थेट खात्यात येतात, आणि येत नसले तर का येत नाहीत हे विचारायला माणूस माझ्या खळ्यात येतो. मी निवृत्त झालो तरी ते येतात. प्रत्येकाच्या हातात एक पिशवी असते, बहुतेक कापडाच्या दुकानाची. आत आधार कार्ड, रेशन कार्ड, दोन-तीन पासबुकं, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, लाइटचं बिल, आणि का कोण जाणे, एखादी लग्नपत्रिका. या पिशव्या चाळून चाळून मला एक गोष्ट कळली आहे, आणि तीच तुम्हाला सांगायची आहे. योजनेचं कुलूप गावात आहे, पण किल्ली तुमच्या खिशात राहिली आहे.

उदाहरणं देतो.

वरच्या वाडीतली एक आजी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेतू केंद्रात गेली. एसटी फाट्यापर्यंतच येते, तिथून चालत. नंबर लागला. समोरच्या पोराने आधार क्रमांक घातला आणि विचारलं, "आजी, ओटीपी खय गेलो?" आधार काढताना तुम्ही तुमचा मोबाइल नंबर दिला होता. त्या वेळी ते बरोबरच होतं, आजीकडे फोन कुठे होता? पण आता ओटीपी गेला कुर्ल्याला. आजी म्हणाली, "झिलाक फोन लाव." फोन लावला. झील लोकलमध्ये, नाहीतर साहेबासमोर. ओटीपीचं आयुष्य दहा मिनिटं. तुमचा परत फोन आला तेव्हा इथे वीज गेली होती. आजी घरी आली आणि मला म्हणाली, "जावंदे मास्तरांनू, माज्या नशिबात नाय ता." नशिबाचा यात काय संबंध? आधार केंद्रात जाऊन तिच्याच जवळ राहणारा नंबर जोडायचा, एवढंच काम होतं.

दुसरं उदाहरण जास्त गमतीचं, म्हणजे मला नंतर गमतीचं वाटलं. एक काकी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी सहा महिने मुलाकडे उपनगरात राहिली. मुलाने तिथे तिचं खातं उघडलं आणि रीतीप्रमाणे आधार जोडला. बरी होऊन ती गावी आली. इकडे श्रावणबाळचे, म्हणजे म्हाताऱ्या माणसांना सरकारकडून मिळणाऱ्या पेन्शनचे, पैसे बंद. आठ महिने ती इथल्या बँकेत पासबुक भरून घ्यायला जायची आणि "पैशे येवक नाय" म्हणत परत यायची. बँकेतही कोणी नीट सांगितलं नाही. थेट लाभाचे आधारवरून येणारे पैसे तुमच्या हातातल्या पासबुकाचा नंबर बघून येत नाहीत. आधार शेवटी ज्या बँकेत जोडलं गेलं, त्या बँकेत ते जातात. काकीचे पैसे दर हप्त्याला मुंबईत इमानाने जमा होत होते, आणि त्या खात्याचं कार्ड मुलाच्या कपाटात होतं. मुलगा चोर नव्हता. त्याने ते खातं उघडूनच पाहिलं नव्हतं.

तिसरी किल्ली रेशन कार्डाची. संजय गांधी निराधार असो की श्रावणबाळ, उत्पन्न कुटुंबाचं बघतात, आणि त्याची मर्यादा आहे वर्षाला २१,००० रुपये. पंधरा वर्षं बोरिवलीत राहणाऱ्या तुमचं, तुमच्या बायकोचं आणि तिथेच जन्मलेल्या पोरांचं नाव अजून गावच्या कार्डावर आहे. का? तर गावाशी नातं राहावं म्हणून. तलाठ्यासमोर कार्ड ठेवलं की तो विचारतो, ही चार माणसं काय कमावतात? नातं राहायला बाकी पुष्कळ गोष्टी आहेत, दरवर्षीचा गणपती आहे. जिथे राहता तिथे कार्ड करा आणि इथलं नाव कमी करून घ्या.

आणि चौथी किल्ली नावाची. ही मात्र तुमची चूक नाही, आपल्या रीतीची आहे. लग्नात मुलीचं पहिलं नावसुद्धा बदलायचं हे आपल्याकडे सर्रास झालं. त्यामुळे शाळेच्या दाखल्यावर यमुना, आधारवर सुलोचना, पासबुकात सुलोचनाबाई, आणि नवऱ्याच्या पीएफच्या नॉमिनीत परत यमुना. माणूस एक, कागदावर तीन बायका. जन्मतारखेचंही तेच. आमच्या गावातली अर्धी म्हातारी माणसं १ जानेवारीला जन्मलेली आहेत, कारण आधार काढणाऱ्याला वर्ष सांगितलं आणि तारीख कोणालाच ठाऊक नव्हती. आधारवरची जन्मतारीख एकदाच बदलून मिळते, म्हणून ती बदलायला जाताना हातातला पुरावा पक्का हवा. नाव जुळवायला राजपत्रातली नोंद, लग्नाचा दाखला, प्रतिज्ञापत्र, यांतलं काय लागेल ते जिथे अडलंय तिथे आधी विचारून घ्या. सत्तरीच्या बाईने हे स्वतः करावं अशी अपेक्षा करू नका.

आता या सगळ्या यातायातीतून मिळतं काय, ते सांगतो. आधीच सांगतो, फार नाही.

दिव्यांग सोडून बाकीच्यांना श्रावणबाळ आणि निराधार योजनेत महिन्याला १५०० रुपये. जुलै २०२३ पासून हा आकडा आहे, त्याआधी १००० होता. श्रावणबाळला वय ६५ लागतं आणि राज्यात पंधरा वर्षांचं वास्तव्य. अर्ज तहसीलच्या संजय गांधी शाखेत जातो. दारिद्र्यरेषेखालच्या यादीत नाव असेल तर याच पंधराशेत केंद्राच्या इंदिरा गांधी वृद्धापकाळ योजनेचा वाटा असतो. तो वाटा किती? ८० वर्षांखालच्याला २०० रुपये. २००७ साली योजनेला हे नाव मिळालं तेव्हाही २००च होता. त्या वर्षी दोनशे रुपयांत काय काय यायचं ते तुमच्या आईला विचारा, तिला बांगड्याचा भावसुद्धा आठवत असेल.

२१,००० रुपये वर्षाला म्हणजे महिन्याला १७५०. रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ साली आपल्या राज्यात दिवसाला ३१२ रुपये होती. हिशोब करा. वर्षात ६८ दिवस खड्डे खणले की म्हातारा या योजनेपुरता श्रीमंत झाला. अशी मर्यादा असली की खोटे दाखले तयार होतात, आणि खोटं बोलायला न जमणारी माणसं बाहेर राहतात. आमच्या वाडीत अशी तीन आहेत.

याहून विचित्र गोष्ट लाडकी बहीणमध्ये आहे. तिथेही पंधराशेच, पण वय २१ ते ६५ आणि कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. म्हणजे चौसष्टाव्या वर्षी जिला सरकार गरजू मानतं, तिचे पैसे पासष्टी पूर्ण झाली की (आधारप्रमाणे अर्थातच १ जानेवारीला) बंद होतात. मग तिने श्रावणबाळकडे जायचं, तर तिथे मर्यादा अडीच लाखांवरून थेट २१ हजारांवर. एका रात्रीत तिची गरज कमी झाली का? पाय तर जास्त दुखायला लागलेत. हा प्रश्न मी इथल्या पुढाऱ्यांना विचारला, ते हसले आणि चहा पिऊन गेले. तुमच्या मंडळांच्या स्नेहसंमेलनाला आमदार-खासदार येतात, नारळ-शाल घेतात, कोकणावर भाषण करतात. तिथे माइक तुमच्या हातात असतो. विचारा.

कंपनीत, गिरणीत, कारखान्यात नोकरी केलेल्यांचं वेगळं आहे. १६ नोव्हेंबर १९९५पासून ईपीएस, म्हणजे पीएफ कापला जाणाऱ्या कामगारांची पेन्शन योजना आहे. दहा वर्षं सेवा भरली असेल तर ५८व्या वर्षापासून पेन्शन. गणित सोपं: पेन्शनसाठी धरलेला पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. मोठा पगार असला तरी धरायचा पगार मर्यादेपर्यंतच, पूर्वी ती ६५०० होती, सप्टेंबर २०१४पासून १५,०००. म्हणून साडेसहा हजारांच्या मर्यादेत पंधरा वर्षं काढलेल्याला चौदाशेच्या आत पेन्शन बसते. "साहेब, एवढीच?" म्हणून लोक माझ्याशी भांडले आहेत, जणू ते गणित मी मांडलं. किमान पेन्शन १००० रुपये, तीही २०१४पासून तिथेच थिजली आहे.

पण इथे सर्वात जास्त पैसे ज्यांचे बुडतात त्या विधवा आहेत. नवऱ्याच्या पश्चात निम्मी पेन्शन बायकोला मिळते, ती हजाराच्या खाली जात नाही, आणि ही गोष्ट गावातल्या निम्म्या बायकांना माहीत नाही. शेजारची एक काकी सहा वर्षं तशीच राहिली. नवरा ठाण्याच्या एका कारखान्यात होता, गेला, दिवसकार्य झालं, कागद पत्र्याच्या पेटीत गेले. एका मे महिन्यात तिचा पुतण्या पेटीतली जुनी नाणी बघत होता, त्याच्या हाताला पेन्शनचा आदेश लागला. तो माझ्याकडे आला. आम्ही फॉर्म भरला, तो मुंबईला जाऊन जमा करून आला, आणि मागचे पैसेही मिळाले. काकीने त्यातून पहिली गोष्ट काय केली असेल? घरावरचे नळे बदलले. तुमच्या घरातल्या पेटीत काय आहे ते तुम्हाला माहीत आहे का? जुनी पंचांगं आणि उंदरांच्या लेंड्या यांच्याखाली बघा.

हयातीच्या दाखल्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे दरवर्षी माणसं रडतात. केंद्र-राज्याच्या पेन्शनरांनी तो नोव्हेंबरात द्यायचा. केंद्राच्या पेन्शनरांपैकी ८० ओलांडलेल्यांना ऑक्टोबरपासूनच देता येतो. ईपीएसवाल्यांना मात्र नोव्हेंबरचं बंधन नाही. वर्षातल्या कोणत्याही दिवशी द्या, तिथून बारा महिने चालतो. म्हणजे गणपतीत देता येतो! हे मी दहा वेळा सांगितलं तरी लोक नोव्हेंबरातच रांग लावतात.

दाखला डिजिटल झाला २०१४ साली, बोट लावून. आता आपल्या कोकणातलं बोट कसं असतं? जन्मभर काजू फोडलेल्या बाईच्या बोटांवर रेषा राहत नाहीत, टरफलाचं तेल कातडी खाऊन टाकतं. मासे कापणारीची बोटं, चिरेखाणीत राबलेल्याची बोटं, सगळ्यांची तीच गत. मी अजून नोकरीत होतो तेव्हाची गोष्ट. काजूच्या कारखान्यातून निवृत्त झालेली एक आजी, दहाही बोटं लावून झाली, मशीन नाहीच म्हणतं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "मी हय उभी आसंय, आनी ह्या मशीन माका मेली म्हणता." मी हसलो. ती नाही हसली.

यावर आता उपाय आहे तो चेहऱ्याचा. तुमच्या स्मार्टफोनवर जीवन प्रमाण आणि आधार फेस आरडी अशी दोन ॲप घ्या, आईला पडवीत उजेडाकडे तोंड करून बसवा, डोळे मिचकवायला सांगा, झालं. चष्मा काढायला लावा. रेंज नसेल तर तिला घेऊन घाटीवर जा, तशीही तुम्ही तिथे फोटो काढायला जाताच. आणि तुम्ही नसाल तेव्हा पोस्टमन घरी येऊन दाखला काढतो, केंद्र-राज्याच्या पेन्शनरांकडून ७० रुपये घेतो. माझ्या जुन्या खात्याची जाहिरात करतोय असं समजा हवं तर.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगतो. सत्तरी पूर्ण केलेल्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. ते ऑक्टोबर २०२४च्या शेवटी सुरू झालं आणि यादीतल्या रुग्णालयात वर्षाला पाच लाखांपर्यंतचा उपचार त्यात बसतो. हे कार्ड मोबाइलवर काढता येतं, आणि पुन्हा ओटीपी तुमच्याकडेच येतो. शेतकरी सन्मान निधीचे केंद्राचे ६००० आणि राज्याच्या नमो योजनेचे ६०००, ज्याच्या नावावर जमीन त्याला. इथे तुमच्या पगाराचा, तुमच्या आयकराचा अडसर नाही, कारण या योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुलं. अडसर आहे सातबाऱ्याचा. आजोबांना जाऊन तीस वर्षं झाली आणि सातबारा अजून त्यांच्याच नावावर, कारण वारस नोंदीला अकरा सह्या लागतात आणि त्यांतल्या नऊ मुंबईत आहेत.

एसटीत पंचाहत्तरी झालेल्याला ऑगस्ट २०२२पासून राज्यात फुकट, ६५ ते ७५ अर्धं तिकीट. रेल्वेची सवलत, पुरुषांना ४० आणि बायकांना ५० टक्के, मार्च २०२०मध्ये काढून घेतली ती परत दिलीच नाही, आणि त्याबद्दल आता कोणी बोलतही नाही. वयोश्री योजनेत चष्मा, काठी, कानाचं यंत्र यांसाठी एकदाच ३००० रुपये ठेवले होते. गावात किती जणांना मिळाले, ते बोटांवर मोजता येईल. म्हातारपण नक्की कधी लागतं, हे या सगळ्या कागदांवरून मला अजून कळलेलं नाही: बचत योजनेला साठ, श्रावणबाळला पासष्ट, दवाखान्याला सत्तर, एसटीला पंचाहत्तर.

एक योजना मात्र आपल्या भागासाठी खास सांगायची. ज्येष्ठ साहित्यिक आणि कलाकारांना राज्य सरकार महिन्याला मानधन देतं, २०२४पासून सरसकट ५००० रुपये. वय पन्नाशीच्या पुढे आणि उत्पन्न कमी असावं लागतं. आपल्याकडे दशावतारात रात्र रात्र राजाचा पार्ट केलेली माणसं आहेत, भजनाच्या डबलबारीत आयुष्य घालवलेले बुवा आहेत, पखवाज वाजवून बोटं वाकडी झालेले आहेत. त्यांना अर्जाबरोबर पुरावा द्यावा लागतो. जुने फोटो, कार्यक्रमपत्रिका, पेपरातली कात्रणं. ती इथे कुठे असणार? पावसाने खाल्ली. मुंबईत प्रयोग झाले तेव्हा फोटो तुम्ही काढलेत, पत्रकं तुमच्या मंडळाने छापली. शोधून आणा. गावातला एक जुना राजा (दिवसा गुरं राखायचा, रात्री इंद्राचा दरबार भरवायचा) अजून अर्जाविना बसला आहे, कारण तो राजा होता हे सिद्ध करणारा कागद नाही.

तुमच्यातले जे साठीला टेकलेत आणि पीएफ घेऊन गावी परतायचं म्हणताहेत, त्यांनाही दोन शब्द. सगळे पैसे जांभ्याच्या गडग्यात आणि पत्र्याच्या शेडीत घालू नका. मी अशी चार घरं बघितली आहेत, ज्यांना बाहेरून रंग आहे आणि आत डाळीला पैसे नाहीत. ज्येष्ठ नागरिक बचत योजना पोस्टात आहे, साठीनंतर, तीस लाखांपर्यंत, व्याज दर तीन महिन्यांनी. दर सरकार तिमाहीला जाहीर करतं, एप्रिल २०२३मध्ये तो ८.२ टक्के झाला. खातं उघडाल त्या दिवशीचा दर पुढची पाच वर्षं तसाच राहतो. ८.२ने दहा लाखांवर तिमाहीला २०,५०० होतात. आणि गावात रिक्षा चालवणारा, ट्रॉलरवर खलाशी असणारा तुमचा धाकटा भाऊ असेल, तर त्याला अटल पेन्शनमध्ये घाला, पण चाळिशीच्या आत. तिशीत शिरला तर महिन्याला ५७७ रुपये, साठीनंतर महिन्याला ५०००. दर्यावरच्या माणसाला निवृत्तीचा दिवस नसतो, अंग थकलं की होडी सुटते आणि हा धक्क्यावर राहतो. मला स्वतःला विचाराल तर ग्रामीण डाकसेवकाला नियमित पेन्शन नाही. हजारो लोकांची पेन्शन वाटून मी एकरकमी थोडे पैसे घेऊन घरी आलो. म्हणून या विषयात मला जरा जास्त कळतं असं समजा.

आता एक कडू गोष्ट. ती लिहू की नको असा दोन दिवस विचार केला.

गणपतीत तुम्ही कागद आणतच नाही असं नाही. आणता. स्टॅम्प पेपर आणता, हक्कसोडपत्र आणता, कधी बक्षीसपत्र. आरती झाली, मोदक झाले, की पडवीत आईला बसवून अंगठा घेतला जातो. तिला वाचून दाखवत नाहीत. मला बोलावतात ते साक्षीदार म्हणून. दोन वेळा मी साक्षीला नाही म्हटलं, त्या दोन घरांत मला आता प्रसादाला बोलावत नाहीत. ज्या बाईच्या अंगठ्याला जमिनीच्या कागदावर एवढी किंमत आहे, तिच्याच अंगठ्याचा हयातीचा दाखला काढायला मात्र कोणाला वेळ नसतो, याचं मला फार वाईट वाटतं. २००७चा आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा आहे. प्रांताकडे अर्ज करता येतो, वकील लागत नाही, मुलांकडून महिन्याला दहा हजारांपर्यंत निर्वाहखर्च मिळू शकतो, आणि सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळलं नाही तर रद्द करून घेता येते. आमच्या गावात कोणी असा अर्ज केलेला नाही. पोरांची बदनामी होईल म्हणून. १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा मदतीचा फोन आहे, तो मी खळ्यातल्या भिंतीवर खडूने लिहून ठेवला आहे. पावसाने पुसला की परत लिहितो.

तर आता कामाचं बोलू. चतुर्थीला आणि विसर्जनाच्या गडबडीत कचेऱ्या बंद असतात किंवा असून नसल्यासारख्या असतात. म्हणून एक कामाचा दिवस आधी या, नाहीतर एक दिवस उशिरा जा. साहेबाला सांगा, गावी पूजा आहे. त्या दिवशी आईवडिलांना घेऊन तालुक्याला जा. त्यांना एकटं पाठवू नका, आणि त्यांच्याऐवजी तुम्ही एकटेही जाऊ नका, बोट आणि चेहरा त्यांचाच लागतो. सकाळी पहिल्या एसटीने. आधार केंद्रात मोबाइल नंबर बदला, तिथेच आधार कोणत्या बँकेत जोडलंय ते तुमच्या फोनवर बघून घ्या, हवी ती बँक नसेल तर त्या बँकेत जाऊन जोडा, मग सेतूत दाखल्याचा अर्ज. दुपारी आईला चांगल्या हॉटेलात जेवायला घाला. ती नको म्हणेल, तरी घाला.

शेजारी एकटं कोणी असेल, मूल नसलेलं किंवा मुलांनी टाकलेलं, तर त्याचीही पिशवी त्याच गाडीत घ्या. आमच्या वाडीत अशा पिशव्या पाच आहेत. मी घेऊन गेलो असतो, पण माझाही गुडघा आता घाटी उतरू देत नाही.

भजनाच्या रात्री मी नेहमीप्रमाणे तुमच्याकडे येईन. तेव्हा कागदांचं विचारणार नाही, बाप्पासमोर ते बरं नव्हे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी खळ्यात बसलेला असतो, आठपासून. चष्मा, शाईचा पॅड आणि गोंद माझ्याकडे आहे. फॉर्म भरता येत नसेल तर या, लाजू नका, मुंबईत मॅनेजर असलेल्यांचे फॉर्मसुद्धा मी भरले आहेत.

आणि झेरॉक्स तिकडूनच काढून आणा, प्रत्येक कागदाच्या चार चार. गणपतीत इथे वीज कधी जाईल सांगता येत नाही, आणि बाजारातला झेरॉक्सवाला स्वतः भजनात असतो.

तुमचा,
मास्तर
(निवृत्त ग्रामीण डाकसेवक, खाडीकाठचं एक गाव, सिंधुदुर्ग)